दुधी छपराखाली

कैरवान, १० मे १९९८

प्रिय भाऊ मुन्सिफ,

सलाम. उम्मी समोर बसून सांगते आहे आणि मी लिहिते आहे, तेव्हा शब्द तिचे आणि अक्षर माझं. ती म्हणते, छप्पर छान आहे. तू घराच्या चौकावर प्लॅस्टिकचे दुधी पत्रे टाकल्यापासून अख्ख्या हिवाळ्यात चौक ओलांडताना एकदाही पाय भिजले नाहीत, छाती भरली नाही, खोकल्याची बाटली अर्धी शिल्लक आहे. गल्लीतल्या बायका अजून बघायला येतात. शेजारच्या सी तय्येबची बायको मान वर करून म्हणाली, "असं दुधी छप्पर आम्ही फक्त दवाखान्यात पाहिलंय." उम्मी तिला म्हणाली, "माझा मुलगा फ्रान्समध्ये टोमॅटोंना छप्पर घालतो, मग आईला नको का?" हे तीन दिवस ऐकवलं जातंय.

तुझ्या लग्नाचा गालिचा मागावर चढला आहे. बिनरंगाची लोकर आहे, पांढरी, बदामी, तपकिरी आणि काठाला काळी. डिसेंबरात तू आणि दलेंदा येण्याआधी उतरेल. माग चौकातच उभा केलाय, छपराखाली. आता ताणा चढला म्हणजे उतरेपर्यंत तो हलायचा नाही, हे तुला सांगायला नको.

उम्मीचे आशीर्वाद.
तुझी बहीण शादलिया

(हा दुसरा कागद तिला वाचून दाखवलेला नाही. ती माझ्याकडून पत्र परत वाचून घेते, म्हणून वेगळा. तू दिलेला तापमापक मी मागाशेजारी टांगला. काल दुपारी तीनला एक्केचाळीस, आणि अजून मेच आहे. पूर्वी चौक रात्री गार व्हायचा आणि तो गारवा खोल्यांत उतरायचा. आता रात्री अकरालाही भिंती गरम असतात. उम्मीने बजावलंय की छपराबद्दल वाकडा शब्द लिहायचा नाही. म्हणून एवढंच विचारते: उन्हाळ्यात तुम्ही टोमॅटोंचं काय करता? फोन करू नकोस. सी तय्येबच्या दिवाणखान्यात तो घ्यावा लागतो आणि निम्मी गल्ली ऐकत बसते.)

*

पेर्पिन्याँजवळ, १९ मे १९९८

लल्ला शादलिया,

बाईसाहेब, तुझ्या हाताखाली शिकलेली पोरं तुला घाबरतात ते उगीच नाही. साधा प्रश्नसुद्धा छडी घेऊन विचारतेस. उम्मीला वाचून दाखवायचा कागद वेगळा जोडलाय, त्यात फक्त कौतुक आहे.

आता काम. टोमॅटोघराच्या छपराला आम्ही मे महिन्यात चुना मारतो. पातळ, ताकाइतका. फडक्यातून गाळायचा, नाहीतर गुठळ्या राहतात. ऊन पांढऱ्यावर आपटून परत जातं, थोडा उजेड तेवढा आत येतो. पहिल्या पावसात धुऊन निघतो. दुसरं, वरच्या टोकाला मी दोरीची झडप ठेवलीय, ती रात्रंदिवस उघडी ठेव. गल्लीचं दार उघडून पडदा लाव. खालून वारा शिरला तरच वरची वाफ बाहेर जाईल. फरशीवर संध्याकाळी पाणी मार, दुपारी नको, दमट होईल.

बाकी, कैरवानला मेमध्ये एक्केचाळीस म्हणजे काय नवल? तू लहानपणीही उन्हाची तक्रार आधी करायचीस आणि घाम मला यायचा.

मुन्सिफ

*

कैरवान, २ जून १९९८

मुन्सिफ,

चुना मारला. गेल्या शुक्रवारी मी शाळेचं टेबल आणलं, त्यावर स्टूल, त्यावर मी, आणि हातात लांब दांड्याची केरसुणी. उम्मी खालून सूचना देत होती. दोन तासांनी केसांत चुना, डोळ्यांत चुना, आणि छप्पर पांढरं. झडप उघडी आहे. दाराला पडदा लावलाय. तापमापक काल चव्वेचाळीस. तुमचे टोमॅटो वेगळ्या मातीचे असावेत.

शिवाय दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर मागाच्या बरोबर वरचा चुना पुसलेला. उम्मी म्हणाली, "पापुद्रे लोकरीवर पडत होते, म्हणून काठीला फडकं बांधून पुसला." अडुसष्टाव्या वर्षी ही बाई काठी घेऊन छताशी भांडते.

गालिचाबद्दल सांगायचं तर उकाडा तिच्या डोक्यात जातोय असं वाटतं. तपकिरी पट्ट्यात मध्येच सात गाठी काळ्या घातल्यात. मी दाखवल्या तर म्हणाली, "नवी नक्षी आहे, मास्तरणींना कळायची नाही." चाळीस वर्षांत तिने स्वतःची नक्षी कधी बदललेली नाही. मी म्हटलं, उम्मी, दुपारी आतल्या खोलीत पड. ती म्हणाली, "आत अंधार आहे. आत काय करू, मरणाची वाट बघू?"

आज शहिली वारा सुटलाय. दक्षिणेकडून भट्टीचं तोंड उघडल्यासारखा येतो, दाराचा पडदा आडवा होतो.

शादलिया

*

पेर्पिन्याँजवळ, १० जून १९९८

शादलिया,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. चुना आतून लावला? ऊन पत्र्यातून आत येऊन बसल्यावर आतून रंगवून काय उपयोग? चोर घरात घेऊन दाराला कडी लावलीस. चुना बाहेरून लावायचा, बाहेरून. हे लिहावं लागेल असं मला स्वप्नातही वाटलं नाही. एवढी शिकलेली तू, एकदा विचारायचंस तरी.

एखादा चुनेवाला गडी बोलाव आणि वर चढव. त्याला सांग, पाय फक्त लाकडी वाशांवर ठेवायचा, पत्र्यावर नाही. आडवी फळी टाकून सरकायचं. पत्रा माणसाचं वजन घेत नाही. आणि मागावरचा भाग पण रंगवायचा. बाहेरून लावल्यावर लोकरीवर काही पडत नाही, म्हणजे उम्मीचं ते कारण संपलं.

ती छपराच्या कौतुकापायी हट्ट करतेय, दुसरं काही नाही. चव्वेचाळीसमध्ये म्हाताऱ्या माणसाला बसवत नाहीत, हे तुला मी सांगायचं? तू तिथे आहेस, मी नाही.

मुन्सिफ

*

कैरवान, २१ जून १९९८

मुन्सिफ,

तू इथे नाहीस हे मला ठाऊक आहे. सांगायची गरज नव्हती.

आतून का लावला ते ऐक. या गावात घराच्या आतला चुना बायका लावतात आणि बाहेरचा पुरुष. आपल्या घरात पुरुष नाही. गच्चीवर बाई दिवसा चढली की चार घरांच्या चौकांत तिची नजर जाते आणि चार घरांची तिच्यावर. उम्मी म्हणाली, "आपण बायका, आतून लावू," आणि मला ते इतकं साहजिक वाटलं की मी केरसुणी उचलली. तू सोळा वर्षं तिकडे आहेस, विसरला असशील.

चुनेवाले मिळत नाहीत. दोन आठवड्यांवर मौलिदचा सण आलाय, सगळ्या कैरवानला पांढरं व्हायचंय, गडी दर्ग्यांवर आणि मशिदींवर लागलेत. म्हणून मीच चढले. परवा, भर दुपारी, सगळी गल्ली झोपलेली असताना. फळी टाकली, वाशावाशाने सरकले. सी तय्येब कबुतरांना पाणी ठेवायला त्याच्या गच्चीवर आला आणि मला पाहून त्याचा चेहरा पडला. "या सातिर, अब्रू झाक," म्हणाला आणि पाठमोरा जिना उतरला. मी मुख्याध्यापिका होणार आहे म्हणतात. आता होते का बघू.

पण तुझं खरं ठरलं. सत्तेचाळीसवरून एकोणचाळीस. रात्री मी दोन महिन्यांनी पांघरूण शोधलं.

फक्त उम्मी बदललीय. परवापासून मागावर बसलेली नाही. भिंतीला टेकून असते, हातात लोकरीचा गुंडा, नुसता फिरवते. काल बाराला मी भात टाकत होते तर विचारते, "दिवा लावू का गं?" मी म्हटलं, उम्मी, दुपार आहे. "हो, माहीत आहे," म्हणाली आणि रागावली. मी छपराला हात लावला म्हणून रुसलीय असं दिसतं. उतरेल राग.

शादलिया

*

पेर्पिन्याँजवळ, २९ जून १९९८

लल्ला शादलिया,

एकोणचाळीस! मालकाला सांगितलं की माझी बहीण भर दुपारी वाशांवरून सरकत चुना मारते, तर म्हणाला तिला बोलावून घे, इथे चार गडी कमी आहेत. सी तय्येबचा चेहरा डोळ्यांसमोर आणून आम्ही जेवताना हसत होतो.

रागाने लिहिलं त्याची माफी. उम्मीच्या रुसव्याकडे लक्ष देऊ नकोस. ती माझ्या छपराची बाजू घेते आणि छपराला तर बरंच वाटत असेल. चार दिवसांत मागावर बसते की नाही बघ. तिला सांग, दलेंदाने गालिचासाठी खोली मोजून ठेवलीय.

आता माझ्या जिवाला स्वस्थ वाटतंय.

मुन्सिफ

*

कैरवान, ३० जून १९९८

मुन्सिफ,

तुझं पत्र अजून आलेलं नाही, तरी लिहिते. आधी हे वाच: उम्मी जिवंत आहे.

शुक्रवारी शाळेत निकाल होते. दीड वाजता घरी आले. मागावर कोणी नाही, खोलीत कोणी नाही. छपराच्या कडेने पांढरं पाणी ठिबकत होतं. मी वर पाहिलं तर पत्र्यापलीकडे एक सावली आडवी पडलेली. ती वर चढली होती. बादली, ओली केरसुणी, डोक्यावरचा रुमाल सुटलेला. मागावरचे दोन पत्रे तिने स्वच्छ धुऊन काढले होते. फळीवरून एक पाय खाली लोंबत होता. घाम नव्हता अंगावर, मुन्सिफ. कातडी तव्यासारखी कोरडी, जीभ जड, मला ती तुझ्या नावाने हाक मारत होती.

मी किंचाळले असेन. सी तय्येब आला. या वेळी त्याने या सातिर म्हटलं नाही, सरळ त्याच्या गच्चीवरून आपल्या गच्चीवर उडी टाकली आणि तिला लहान मुलासारखं उचलून खाली आणलं. दवाखान्यात चार दिवस सलाईन. आज ओळखते, बोलते, खारट आहे म्हणून सूप परत करते.

मी तिला विचारलं, का गेलीस वर? तिने तोंड भिंतीकडे केलं. चुना मी लावला आणि म्हणून ती चढली. हे माझ्या डोक्यातून जात नाही. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत विजेरी मारली, मग पुन्हा एकदा मारली. सूसला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायला सांगितलंय. कशासाठी ते नीट सांगितलं नाही.

शादलिया

*

कैरवान, ९ जुलै १९९८

मुन्सिफ,

तुझं हसण्याचं पत्र मौलिदच्या दिवशी आलं. सी तय्येबच्या बायकोने असीदाच्या खिरीचा वाडगा आणला होता आणि मी तो हातात धरून दारात उभी राहून वाचत होते. तुझा दोष नाही. टपालाचाही नाही.

सूसला जाऊन आलो. काचबिंदू. डावा डोळा गेल्याला दोन वर्षं झाली असतील, म्हणाले. उजव्याला फक्त उजेड कळतो, आणि समोर काही हललं तर सावली. गेलेलं परत येत नाही. थेंब दिलेत, ते राहिलंय तेवढं थोडे दिवस टिकवण्यासाठी.

दोन वर्षं ती माझ्यासमोर वावरत होती. भाकरी थापत होती, चहा ओतत होती. मी रोज तीस पोरांच्या वह्या तपासते आणि माझ्या आईच्या सात काळ्या गाठी मला उकाड्याच्या वाटल्या.

परतीच्या गाडीत तिने सांगितलं. तिचेच शब्द लिहिते, कारण आता दुसरा कागद नाही, यापुढे एकच कागद.

"पोरी, आतल्या खोलीत मला काहीच नाही. डोळे उघडे काय, मिटले काय. या छपराखाली बसलं की सगळीकडून पांढरं दिसतं. माग उभा आहे एवढं कळतं, माझा हात जातो-येतो ते कळतं. गाठी मी बोटांनीच मोजते, पण उजेड असला की बोटांना धीर येतो. तुम्ही चुना लावलात की माझं दुपारीच मावळतं."

मी विचारलं, सांगितलं का नाहीस. म्हणाली, "सांगितलं असतं तर तू शाळा सोडली असतीस आणि तो लग्न सोडून धावत आला असता. गालिचा उतरू दे, मग सांगणार होते."

म्हणजे तिला छपराचा अभिमान नव्हता. तिला दिसणारं तेवढंच एक उरलं होतं.

आता मला सांग काय करू. चुना ठेवला तर ती आंधळी आणि काढला तर औस्सूचे भाजणारे दिवस लागायला दोन आठवडे आहेत. ती ऑगस्ट काढणार नाही. डॉक्टर स्पष्ट म्हणाले की असा दुसरा झटका ती सोसणार नाही. सध्या चुना धुतलेले दोन पत्रे तसेच आहेत आणि ती त्यांच्याखाली बसते. मी ओलं फडकं घेऊन शेजारी. आज एक्केचाळीस.

शादलिया

*

पेर्पिन्याँजवळ, १६ जुलै १९९८

शादलिया,

चोवीसला ट्यूनिसला उतरतोय. टपालाला आठवडा लागतो, म्हणून हे पत्र उद्या निघणाऱ्या एका कैरवानच्या गड्याच्या हाती देतोय. मालक म्हणाला, तोडणी सोडून गेलास तर परत येऊ नकोस. मी म्हटलं ठीक.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही, कारण मलाच ती काल सुचली. ते छप्पर मी डिसेंबरात टाकलं. मी घरी येतो तो डिसेंबरात. उन्हाळ्यात इथे तोडणी असते, मला सुटी नसते. माझ्या छपराखाली मी एकही उन्हाळी दुपार बसलेलो नाही. मला फक्त पाऊस दिसत होता आणि उम्मीचा खोकला. इथे टोमॅटोंसाठी मी मार्चपासून ऊन मोजतो, आणि आपला चौक मी चारी बाजूंनी बंद करून आलो. पाऊस बाहेर राहिला आणि घराचा श्वासही.

मी येईपर्यंत हे कर. पहाटे साडेपाच ते नऊ तिला मागावर बसू दे, त्या वेळी ऊन तिरकं असतं आणि उजेड भरपूर. नऊ ते सहा तिला सी तय्येबच्या पाण्याच्या टाक्याशेजारच्या गार खोलीत ने. संकोच करू नकोस. त्याने उम्मीला उचललंय, आता तो परका नाही. लोकर तू तिच्या हातात दे, रंग बघून. मागावरचे दोन पत्रे धुतलेलेच राहू देत. बाकीच्यांना हात लावू नकोस.

तिला मी येतोय हे सांगू नकोस. रडायला आठवडा मिळेल तिला.

मुन्सिफ

*

कैरवान, २ सप्टेंबर १९९८

प्रिय मुन्सिफ,

दुसऱ्या मालकाकडे काम मिळाल्याचं वाचून उम्मीने सी तय्येबच्या बायकोला मक्रूद मिठाईचं ताट पाठवलं. तू गेल्याला महिना झाला आणि गल्ली अजून सांगते, मुन्सिफ पहिल्या दुपारी आपल्याच छपराखाली बसला आणि वीस मिनिटांत शर्ट काढून चौकातल्या पाण्याच्या टाक्याकडे पळाला. चौदा मिनिटं होती, मी घड्याळ लावलं होतं.

तू दहापैकी आठ पत्रे काढलेस ते बरं केलंस. त्या जागी टाकलेल्या बोरूच्या चटया दुपारी सावली देतात, आणि रात्री दोरी ओढून गुंडाळल्या की वर आभाळ असतं. पहिल्या रात्री गारवा खोलीत आला तेव्हा मी उठून बसले. मला वाटलं आपण लहान आहोत. ऑगस्टात सर्वांत वाईट दिवशी तापमापक अडतीसच्या वर गेला नाही. उम्मीने औस्सू काढला, मुन्सिफ. तो निघाला.

मागावरच्या दोन पत्र्यांतून उजेडाचा चौकोन पडतो. सकाळी तो मागावर असतो, मग सरकत सरकत टाक्याकडे जातो. तिचं स्टूल त्याच्यामागे जातं. दिवसातून पाच वेळा मी ते उचलते आणि ती म्हणते, "अजून थोडं डावीकडे." मला आधी कंटाळा यायचा, आता येत नाही.

गालिचा रविवारी उतरला. गल्लीतल्या बायका आल्या. कापायच्या आधी ताण्यावर पाणी शिंपडलं, त्याला तहानलेलं जाऊ द्यायचं नसतं. कात्री उम्मीनेच धरली. सात काळ्या गाठी तिने उसवू दिल्या नाहीत. दलेंदाला सांग, ती चूक नाही. तिथे एक बाई उजेड शोधत होती.

आता जे लिहायचं आहे ते. परवा भर दुपारी मी स्टूल चौकोनात ठेवलं आणि ती बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "आज ढग आलेत का गं?"

मी वर पाहिलं. आभाळ निळंभोर होतं, पत्र्यातून ऊन नुसतं ओतत होतं, तिच्या मांडीवर, हातांवर, चेहऱ्यावर. मी म्हणाले, "हो उम्मी, आलेत."

मग तिने हात पुढे केला, तळवा वर, आणि तसाच धरून ठेवला. बराच वेळ. मला कळलं की तिला ऊन लागतंय. ढग असते तर लागलं नसतं, हे तिलाही कळलं. तिने हात मागे घेतला आणि माझा हात शोधून तो धरला.

आता ते दोन पत्रेही झाकायला हरकत नाही. मी आज सकाळी तिला विचारलं, चटई टाकू का वर, आणखी गार होईल. ती म्हणाली, "राहू दे. तो डिसेंबरात आला की त्याला त्याचं छप्पर दिसलं पाहिजे." मग कागद आणायला सांगितला. समोर बसलीय, चौकोनात. लिही म्हणते.

छप्पर छान आहे.

तुझी बहीण शादलिया